क्लबातला हार

माझा नवरा नाइट क्लब चालवतो. इतकं सरळ वाक्य लिहायला मला पन्नाशी गाठावी लागली. इतकी वर्षं कुणी विचारलं की मी "हॉटेल लाइनमध्ये आहेत" म्हणायचे आणि विषय भाजीच्या भावावर न्यायचे. समोरचाही मान डोलवायचा. ज्याला माहीत नसायचं त्याला पुढे विचारायचं कारण नव्हतं आणि ज्याला माहीत असायचं तो आमच्या क्लबात बसून आलेला असायचा. हा दुसरा प्रकार किती मोठा आहे ते मला फार उशिरा कळलं.

तो मूळचा कुडाळकडचा. एजंटाने फाइव्ह स्टार हॉटेल सांगून त्याला दुबईत आणलं आणि देराच्या एका जुनाट हॉटेलात, तळघरातल्या बारमध्ये, ग्लास विसळायला लावलं. तिथून वेटर, वेटरचा कॅप्टन, मग फ्लोअर मॅनेजर, आणि शेवटी बर दुबईत एका हॉटेलच्या पहिल्या मजल्यावरचा क्लब चालवायला घेतला. ही गोष्ट तो लग्नात, बारशात, विमानतळाच्या रांगेतसुद्धा सांगतो. ग्लास विसळताना बोटांची सालं कशी गेली, एका खोलीत किती जण झोपायचे, सगळं. गोष्ट खरी आहे. तरी मला तिचा मनापासून वैताग आहे, कारण तिच्यात मी कधीच नसते. मी क्लिनिकच्या रिसेप्शनवर बसून घरभाडं भरत होते, पोरीला एकटीने वाढवत होते, आणि हा सकाळी घरी येऊन पडदे लावून झोपत होता, हे त्या गोष्टीत बसत नाही.

तो वर कसा आला हे मात्र मी त्याच्यापेक्षा बरं सांगू शकते. त्याला गाणं कळत नाही, हिशेब बेताचा, इंग्रजी अजून धेडगुजरी. त्याला एकच गोष्ट येते, माणसं बसवणं. आपल्या क्लबात येणारा माणूस दारू प्यायला नंतर येतो, आधी त्याला कुणी ओळखीचं दिसायला नको असतं. दारातून आत आलेल्या माणसाकडे बघून माझ्या नवऱ्याला कळायचं की याला खांबाआड घ्यायचं, त्याच्या साहेबाला स्टेजच्या डाव्या हाताला, आणि साहेबाच्या मेव्हण्याला दाराजवळच्या कोपऱ्यात. तिघे एकाच रात्री येऊन जायचे आणि तिघांनाही वाटायचं की आपण एकटेच आलो. एक बाहेर पडत असेल तर दुसऱ्याकडे हा बिल पाठवायचा नाही, थांबवून ठेवायचा. पार्किंगमध्येसुद्धा गाठ पडू द्यायची नाही. क्लब त्याला चालवायला मिळाला तो याच जोरावर. तिथले गाणारे दर सहा महिन्यांनी बदलतात, पण खांब तिथेच आहेत.

आता हारांचं सांगायला हवं. इकडच्या क्लबात गाणाऱ्या बाईवर कुणी नोटा उधळत नाही, ते चालत नाही. तिथे हार असतात. सॅटिनच्या फुलांचे, जरीचे, वर टिकल्या लावलेले. गिऱ्हाइकाने काउंटरवर पैसे देऊन कूपन घ्यायचं, वेटर ते घेऊन हार आणतो आणि बाईच्या गळ्यात घालतो. हार पडला की ऑक्टोपॅडवाला एक जोरदार रोल वाजवतो, शेवटी झांज. मग हार देणारा फर्माईश करतो. गाणं संपलं की हार काढून परत खिळ्यावर, पुढच्या गिऱ्हाइकासाठी. सर्वांत महागडा लाल आणि सोनेरी. चालता क्लब ह्याने हाती घेतला तेव्हा दुपारी पूजेला मी गेले होते, तेव्हा मेकअपच्या खोलीत भिंतीवर हे सगळे हार ओळीने टांगलेले पाहिले. एक हातात घेतला. त्याला पावडरचा आणि घामाचा वास होता. मी हात धुतले आणि परत कधी तिथे पाऊल ठेवलं नाही.

माझं म्हणून जे होतं ते अल बर्शातल्या आमच्या हॉलमध्ये होतं. मी डोंबिवलीला असताना गाण्याची विशारद केली होती. पोरगी कॉलेजला गेल्यावर मी क्लिनिक सोडलं आणि मुलांना गाणं शिकवायला लागले. आधी खालच्या मजल्यावरच्या दोन मुली, मग बिल्डिंगमधल्या, मग मेट्रोने आयांचं बोट धरून लांबून येणाऱ्या. मुलं माझ्याशी इंग्रजीत बोलायची आणि भूप मराठीत गायची. मॉलमध्ये बायका मला "क्लासवाल्या बाई" म्हणून हाक मारायच्या आणि मी मुद्दाम दोनदा हाक येऊ द्यायचे. इतक्या वर्षांत मला कुणी माझ्या कामाने ओळखलं होतं ते हे पहिल्यांदा, आणि मला ते सोडायचं नव्हतं.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आमच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरी बाई घरी आल्या. पोह्यांची डिश हातात घेऊन त्यांनी गोड आवाजात सुरुवात केली.

"ताई, कमिटीच्या मनात आहे की तुमचा क्लास आता मंडळाचा ऑफिशियल संगीत वर्ग म्हणून अनाउन्स करावा. हॉल आपला, सर्टिफिकेट आपलं. गणपतीच्या प्रोग्रामला स्टेजवरून प्रेसिडेंट स्वतः सांगतील."

मला इतका आनंद झाला की मी त्यांना आणखी पोहे वाढले.

"फक्त एक आहे हां," त्या म्हणाल्या. "काही पेरेंट्स बोलतात. म्हणजे, भाऊजींच्या लाइनबद्दल. आम्ही ओपन माइंडेड आहोत, पण फॅमिली क्राउड आहे ना. तर भाऊजी त्या दिवशी जरा मागे बसले तर बरं. आणि ते स्टेजवर तुमच्यासोबत नकोत."

"बरं," मी म्हटलं. पोहे वाढल्याचा मला पश्चात्ताप झाला होता.

"आणि स्पॉन्सरशिपचं. पाच हजार दिरहम कमी पडतायत. म्हणजे लाखाच्या वर झाले बघा आपले. भाऊजींनी केलं तर मंडळ खूप आभारी राहील. बॅनरवर नाव नको, नुसतं 'एक हितचिंतक' टाकू."

त्याचं तोंड नको होतं, पाकीट हवं होतं. मी तिथेच त्यांना हाकलायला हवं होतं असं तुम्हाला वाटेल. पण मंडळाचा हॉल मला हवा होता, मनापासून हवा होता, आणि हे मी लपवत नाही.

नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. "दे ना मग. हितचिंतक तर हितचिंतक. मागे बसतो मी, माझा काय प्रॉब्लेम आहे?"

"तुला काहीच लागत नाही का रे?" मी ओरडले. चारचौघांत मी त्याला अहो म्हणते, घरात तू. "तुझ्या पैशावर आरास करणार आणि तुला लपवणार!"

"अगं, सगळेच लपतात. माझा धंदाच आहे तो." आणि टीव्हीचा आवाज वाढवून बसला. त्याला चिडवता येत नाही, हाच त्याचा सगळ्यात मोठा दुर्गुण आहे.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे हमरिया फ्री झोनमध्ये पाइपांची फॅक्टरी असलेले गृहस्थ. उंच, गोरे, बोलताना दोन्ही हात पाठीमागे. दर वर्षी संस्कृतीवर भाषण. मुलांनी मराठी टिकवली पाहिजे हे ते इंग्रजीत सांगायचे. त्यांच्या दोन नाती माझ्या क्लासला होत्या, आणि त्या गोड गायच्या हे कबूल करायला हवं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी घोळ झाला. बर दुबईच्या देवळाजवळच्या गल्लीत फुलं विमानाने येतात. त्या दिवशी कस्टममधून माल अर्धाच सुटला आणि जेमतेम गणपतीपुरते हार मिळाले. पाहुण्यांच्या आणि कमिटीच्या सत्काराला काही उरलं नाही. मी हॉलवर मुलींच्या वेण्या घालत होते. सेक्रेटरी बाईंनी मला न विचारता थेट माझ्या नवऱ्याला फोन लावला. "भाऊजी, तुमच्याकडे हॉटेलात डेकोरेशनचं सामान असेल ना? दहा-बारा हार हवे होते." हा म्हणाला, "यल्ला, लगेच पाठवतो." आणि पाठवले. खोक्यातून, सॅटिनचे, टिकल्यांचे.

मी त्याला नंतर विचारलं, मुद्दाम केलंस का? तो म्हणाला, "हार म्हणजे हार. मला काय माहीत ते कुणाच्या गळ्यात घालणार?" माझा त्याच्यावर विश्वास आहे. त्याच्या लेखी ते हार म्हणजे ग्लास, ट्रे, खुर्च्या यांसारखंच सामान होतं. जन्मभर ज्याने माणसांना एकमेकांपासून लपवलं, त्याला हे सुचू नये याचं मला अजून नवल वाटतं.

सेक्रेटरी बाईंना तर हार फारच आवडले. "किती रिच दिसतात!" म्हणून त्यांनी सगळ्यात भारी लाल-सोनेरी वर काढून ठेवला, अध्यक्षांसाठी.

मी विंगेत मुलींना उंचीप्रमाणे उभं करत होते. बाहेर निवेदन चाललं होतं, मी लक्ष दिलं नाही. गायनाला साथ करायला मंडळात दर वर्षी येणारा ऑक्टोपॅडवाला बसला होता. तो आमच्याच क्लबात रोज वाजवतो. मंडळाला फुकट मिळतो म्हणून तिथे तो कुठे वाजवतो हे कुणी विचारत नाही. "आता आपल्या लाडक्या अध्यक्षांचा सत्कार" असं झालं. एका लहान मुलीने टाचा उंच करून अध्यक्षांच्या गळ्यात हार घातला.

आणि रोल वाजला. पूर्ण, दणदणीत, शेवटी झांजेसकट.

त्या बिचाऱ्याने काही ठरवून केलं नाही. लाल-सोनेरी हार गळ्यात पडलेला दिसला आणि रोजच्या सवयीने हात चालले. पण त्या आवाजासरशी मी विंगेतून मान बाहेर काढली आणि हार ओळखला. तो हार ओळखणारी तिथे मी एकटी नव्हते. मागच्या रांगांतून कुणीतरी फसकन हसलं. मग दुसरं कुणीतरी. हॉल भगभगीत उजेडात होता, तिथे खांब नव्हते. हसणाऱ्याकडे शेजारच्याने पाहिलं, शेजाऱ्याने त्याच्या पुढच्याकडे, आणि बघता बघता इकडचे तिकडचे बाप्ये एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. तू पण? बँकेतले, ऑडिटवाले, शाळेच्या पेरेंट कमिटीवरचे. एक तर चक्क टाळ्या वाजवायला लागला होता, तो मध्येच थांबला. बायका आधी स्टेजकडे आणि मग आपापल्या नवऱ्यांकडे बघत होत्या. काहींना लगेच कळलं. मला खूप आनंद झाला. चांगल्या बाईला होऊ नये इतका झाला.

माझा नवरा शेवटच्या रांगेत, सांगितल्याप्रमाणे, मागे बसला होता. त्याने कपाळाला हात लावला होता.

अध्यक्ष मूर्ख नाहीत. हार कुठला हे त्यांना रोलच्या आधीच कळलं असावं, कारण त्यांचा चेहरा हाराच्या रंगाचा झाला होता. त्यांच्या बायको पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि मांडीवरच्या पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होत्या. सेक्रेटरी बाईंना काहीच कळलं नव्हतं. काहीतरी बिनसलंय एवढं ओळखून त्यांनी घाईघाईने पुढचं पान उलटलं आणि माइकवर म्हणाल्या, "आणि आता एक आनंदाची बातमी! आपल्या क्लासवाल्या ताईंनी स्टेजवर यावं."

मी गेले. मुलींच्या अर्धवट रांगेला तिथेच सोडून, पदर सारखा करून गेले. ज्या क्षणाची महिनाभर वाट पाहिली तो असा आला होता.

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी कुणाची बायको आहे ते त्यांना माहीत होतंच. आपल्या गळ्यातलं हे लोढणं कुणाच्या गळ्यात टाकायचं ते त्यांनी त्या एका नजरेत ठरवलं. हसत हसत त्यांनी हार काढला आणि माझ्या गळ्यात घातला. "खरा मान तर यांचा आहे," म्हणाले. "हा हार यांनाच शोभतो. घरचाच आहे ना!"

हॉल हसला. मघाशी घाबरलेले सगळे आता सुटल्यासारखे हसले. हसायला त्यांना मी मिळाले होते. टिकल्या माझ्या गळ्याला टोचत होत्या आणि तोच वास आला, पावडरचा आणि घामाचा. ऑक्टोपॅडवाल्याने दोन्ही हात काखेत दाबून धरले होते.

"आता ताईंकडून एक फर्माईश होऊन जाऊ दे," अध्यक्ष माइकवर म्हणाले.

त्या शब्दावर मागून एक शिट्टी आली. त्या माणसाला मी ओळखते, त्याच्या मुलीला मी यमन शिकवत होते. त्या वेळी मी गप्प बसून मान खाली घातली असती, तर घोषणा झाली असती. सेक्रेटरी बाईंच्या हातात कागद तयार होता. मंडळाचा हॉल, सर्टिफिकेट, सगळं दोन मिनिटांवर होतं. मला ते दिसत होतं. पण ज्या बायकांचा वास लागला म्हणून मी हात धुतले होते, त्यांच्या जागी मी उभी होते, आणि मला शरम वाटत नव्हती. मला नुसता राग आला होता.

मी माइक ओढून घेतला आणि अध्यक्षांसमोर हात पसरला.

"साहेब, आधी कूपन."

सेक्रेटरी बाईंनी विचारलं, "कसलं कूपन?"

"ह्या हाराला कूपन लागतं," मी म्हटलं. "काउंटरवर पैसे भरल्याशिवाय हार गळ्यात पडत नाही आणि फर्माईशही होत नाही. साहेबांना रेट माहीत आहे. मागे शिट्टी वाजवली त्यांनाही आहे. माझे मिस्टर सगळ्यात मागे बसलेत, तुमचे हितचिंतक. पैसे त्यांच्याकडे द्या."

मग मी हार काढला, नीट घडी घातली, अध्यक्षांच्या खुर्चीवर ठेवला आणि खाली उतरले. मुली विंगेत होत्या. एक म्हणाली, "मिस, आर वी नॉट सिंगिंग?" मी तिच्या वेणीची रिबन सोडायला घेतली.

घरी परतताना शेख झायेद रोडवर नवरा नजर रस्त्यावर खिळवून गाडी चालवत होता. शेवटी मीच म्हटलं, "बोल ना काय ते."

"क्या बोलू?" तो म्हणाला. "खलास केलंस. एवढी वर्षं मी एकाला दुसऱ्याचं तोंड दिसू दिलं नव्हतं."

"त्यांनी माझ्या गळ्यात घातला तेव्हा तू कुठे होतास?"

"मागे. तुम्हीच सांगितलं होतं ना मागे बसायला."

पोरगी अबुधाबीत अल रीम आयलंडवर राहते, नोकरी करते. तिला कुणीतरी व्हिडिओ पाठवला होता. तिचा फोन आला. "मॉम, यू वर सॅव्हेज!" म्हणाली आणि खदाखदा हसली. मीही हसले. ते हसणं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकलं.

कारण दुसऱ्या दिवशी दुपारी मेसेज यायला लागले. एकीच्या मुलीच्या युनिट टेस्ट. एकीने स्विमिंग लावलं होतं. एकीला क्लासची वेळ जमत नव्हती, आणि ती आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायची. सगळ्यांनी शेवटी हात जोडलेले. भांडायला एकही आली नाही, आली असती तर मला बरं वाटलं असतं. मंगळवारी संध्याकाळी मी सतरंजी अंथरली, फोनवर तानपुरा लावला आणि बसून राहिले. दारावर कुणी आलं नाही. गुरुवारीही तेच.

क्लबातही शुकशुकाट होता. मराठी बाप्यांनी एकजात तोंड फिरवलं होतं. नवरा संध्याकाळी जायचा आणि लवकर घरी यायचा, आणि आल्यावर मला ऐकू जाईल असे सुस्कारे टाकायचा. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आमच्या दोघांची गिऱ्हाइकं एकाच घरांतली होती. बायका आणि मुलं संध्याकाळी माझ्या सतरंजीवर, आणि बाप रात्री त्याच्या खांबाआड. आम्ही नवरा-बायको मिळून अख्खी कुटुंबं सांभाळत होतो आणि वर "फॅमिली क्राउड" म्हणून हे लोक आम्हालाच मागे बसवत होते. मला वाटलं, ठीक आहे, माझं गेलं तसं त्याचंही गेलं, निदान हिशेब सारखा झाला. खोटं कशाला बोलू, मला त्यात समाधान होतं.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी तो शीळ घालत स्वयंपाकघरात आला आणि स्वतःच्या हाताने चहा करायला लागला.

"काय झालं?" मी विचारलं.

"आले," तो म्हणाला. "सगळे आले परत. एकेक करून. मी दारात उभा होतो. कुणी काही बोललं नाही, जणू काही झालंच नव्हतं. मी बसवले बरोब्बर, कुणाला कुणी दिसलं नाही."

"पहिला कोण आला?"

त्याने चहा गाळला, कप हातात घेतला आणि मग म्हणाला, "प्रेसिडेंट."

"हार घेतला?"

"लाल-सोनेरी. आधी कूपन घेतलं, आणि मला दाखवलं. म्हणाले, वहिनींना सांगा, कूपन घेतलं म्हणून." आणि तो हसला. त्याला त्यात खरंच गंमत वाटली होती.

माझ्याकडे एकही मूल परत आलं नव्हतं. अध्यक्षांच्या नातीही नाहीत. मी त्याच्या हातातला कप काढून घेतला, चहा सिंकमध्ये ओतला आणि त्याला सांगितलं की आजपासून घरातसुद्धा मागच्या खोलीत बसायचं.